सामाईक बोळाचा रंग

घराची शोभा म्हटली म्हणजे दिवाणखाना, देवघर, फार तर स्वयंपाकघर, एवढ्यावरच आपलें लक्ष थांबतें. देवडीपासून चौकापर्यंत जाणारा बोळ मात्र कोणाच्याच ध्यानांत राहत नाहीं. तेथें चपला, छत्र्या आणि रद्दीचे गठ्ठे सुखानें नांदत असतात. वास्तविक घरांतील प्रत्येक माणूस दिवसांतून दहा वेळां ज्या जागेंतून जातो, ती हीच. आणि पाहुण्याला घराचा पहिला परिचय होतो तोही येथेंच.

या उपेक्षेचें कारण शोधूं गेल्यास तें आपल्या वाटणीपत्रांत सांपडेल. भावाभावांत खोल्या वांटल्या जातात. विहीर, चौक, जिना आणि बोळ सामाईक राहतात. जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं, या न्यायानें खोल्यांना दर दोन-चार वर्षांनीं नवा रंग मिळतो आणि बोळाच्या वांट्यास केवळ धूळ येते. जुन्या नाशकांतील आमच्या वाड्यांतही हेंच चाललें होतें. गेल्या उन्हाळ्यांत तिन्ही बिऱ्हाडांनीं मिळून बोळाचें काम काढलें, तें मुख्यतः पावसाळ्याच्या धास्तीनें. कारण जुन्या नाशकांत पावसांत वाडे ढासळल्याच्या वार्ता आतां नवलाच्या राहिलेल्या नाहींत.

ठेकेदाराचा सल्ला असा पडला कीं, वर प्लास्टर ऑफ पॅरिसचें छत बसवून काळवंडलेल्या तुळया झांकाव्या आणि भिंतींना तेलरंग द्यावा. तरुण मंडळींना तो पटला. आमच्या काकूंचें म्हणणें एवढेंच कीं, झांकण्यापूर्वीं आपण काय झांकतों आहों तें तरी पाहावें. शिडी लावून कडीपाट झाडला, तेव्हां भिंतींत शिरलेलें एका तुळईचें टोंक वाळवीनें पोखरलेलें निघालें. त्याच तुळईखालीं मुलें सुटीच्या दुपारीं पत्ते खेळत बसत असत! सुतारानें खालून टेकू देऊन तेवढें टोंक कापलें व सागवानी लांकडाचा जोड दिला. वरून छत बसलें असतें, तर ही गोष्ट कोणत्या पावसाळ्यांत आणि कशा रीतीनें उघडकीस आली असती, याचा विचारही करवत नाहीं.

मग छत झांकण्याची भाषा आपोआप मावळली. आपल्या प्रांतांत छत ही लपविण्याची वस्तु कधींच नव्हती. कार्ले येथील चैत्यगृह अखंड डोंगरांत कोरलेलें. त्याच्या छताला लांकडाच्या आधाराची गरज ती कसली? तरीही सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या कारागिरांनीं तेथें लांकडी कमानी बसविल्या, आणि त्या आजही दिसतात. अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यांत छतावर वर्तुळांचें आणि हंसांचें चित्रकाम आहे. आमच्याच जिल्ह्यांत चांदवड येथें होळकरांचा रंगमहाल आहे; त्याचें लांकूडकाम पाहावयास माणसें मुद्दाम जातात. त्यापुढें आमचा कडीपाट साधा खरा. परंतु सारख्या अंतरावर ओळीनें गेलेल्या कड्यांना एक डौल असतोच. त्यांना जवसाचें तेल पाजलें आणि मधल्या फळ्यांना दुधी रंग दिला. कड्या उठून दिसूं लागल्या आणि अंधारही हटला.

भिंतींसाठीं तपकिरी रंग ठरला. तपकिरीवरूनच या रंगास नांव पडलें, म्हणून आजोबांच्या डबीची आठवण काढून थोडी थट्टा झाली. तथापि अरुंद जागेंत गडद रंग सर्व भिंतभर दिल्यास तो उजेड गिळतो. याकरितां जमिनीपासून कमरेपर्यंत गडद तपकिरी आणि त्यावर फिकट बदामी, अशी विभागणी केली. मुलांचे हात, दप्तरें आणि भाजीच्या पिशव्या लागतात त्या खालच्याच पट्ट्यास. वरच्या भागासाठीं चुन्याच्या निवळींत पिवळी माती घातली. खालच्या भागासाठीं गेरू व तपकिरी माती घेऊन, कपड्यांस लागूं नये म्हणून डिंकाचें पाणी मिसळलें. या मातींचा रंग त्यांतील लोहामुळें येतो. वनस्पतींच्या रंगांप्रमाणें तो चुन्यांत विटत नाहीं.

तेलरंग आम्हीं मुद्दाम टाळला. जुन्या विटामातीच्या भिंती ओल शोषतात आणि ती बाहेर टाकतात. त्यांवर तेलरंगाचा पापुद्रा बसला कीं ओल आंत अडकते, लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे निघूं लागतात. चुन्याच्या रंगाला दोन-तीन वर्षांनीं पुन्हां हात द्यावा लागतो खरा, पण भिंत सुखी राहते.

खर्चाचे तीन भाग झाले. रद्दी आपापल्या खोल्यांत गेली. बोळाच्या कोनाड्यांत आतां तिन्हीसांजेला पितळी समई तेवते. ती कोणीं लावावी, याविषयीं ठराव झालेला नाहीं. चौकांतून जी आधीं येते, ती लावते.