वसईचा माल

परवा दादरच्या फूलबाजारात एका पोरसवदा विक्रेत्याने माझ्यापुढे मोगऱ्याची ओंजळ धरली. "घ्या मावशी, वसईचा माल आहे. सकाळीच उतरलाय." मी आगाशीहून विरार गाठून, तिथून लोकलने, म्हणजे त्या मोगऱ्याच्याच वाटेने नुकतीच उतरले होते. हे त्याला सांगितलं असतं तर भाव जरा खाली आला असता. पण मी काही बोलले नाही. पाव किलो घेतला, तोही घासाघीस न करता. घरी आल्यावर ह्यांनी पिशवीत डोकावून विचारलं, "मागच्या दारी दोन ओळी आहेत, त्या दिसत नाहीत का?"

लेकीचं लग्न झालं तेव्हा फुलं ठेवायला घरात जागा नव्हती.

१४ मे २०२१. अक्षय्य तृतीया, म्हणून मुहूर्त शोधायला नको. कोरोनामुळे नियम होता पंचवीस माणसांचा आणि दोन तासांचा. मोडला तर पन्नास हजार दंड. आम्ही वही घेऊन ओटीवर यादी करायला बसलो. आमच्या आळीत लग्नाला नुसतं जेवायला कोणी येत नाही. मांडवाचे खांब रोवण्यापासून पंगतीत पाणी वाढण्यापर्यंत सगळी आपलीच माणसं. नुसता मांडव घालायलाच पंचवीस जण भरतात. भटजी त्यात धरायचे की नाहीत, यावर ह्यांचा आणि भाऊजींचा अर्धा तास वाद. शेवटी भटजी धरले आणि माझी धाकटी मावशी गळली. ती माझ्याशी बोलते अजून, पण त्या लग्नाचा विषय निघाला की उगाच पदर सारखा करते.

"किती छान, घरच्या घरी, सुटसुटीत," असं तेव्हा जो तो म्हणत होता. मला नाही पटलं. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ ला भटजीवाचून, पानसुपारीच्या खर्चात लग्न लावलं, ते साधं लग्न. त्यांनी ते तसं करायचं ठरवलं होतं. आमचं साधं नव्हतं, छाटलेलं होतं.

फुलांचं मात्र उलट झालं. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांना, देवळांना कुलपं, लग्नं पंचवीस-पंचवीस माणसांची. फुलं घेणार कोण? आणि मे म्हणजे मोगऱ्याचा भर. ज्यांना आम्ही बोलावू शकलो नाही त्या प्रत्येक घरातून आदल्या दिवशी करंडी आली. फाटकाशी ठेवायची, लांबूनच हाक मारायची आणि निघून जायचं. ओटीवर फुलं, न्हाणीत बादल्यांमध्ये फुलं, दळणाच्या डब्यावर चाफा. वासाने माझं डोकं चढलं.

सासूबाई तेवढ्या खुशीत होत्या. पानवेली गेल्या, केळी कमी झाल्या, तरी त्यांनी फुलं सोडली नाहीत. चाळीस वर्षं त्या पहाटेच्या गाडीने दादरला जात. कपाळाला बत्ती बांधून अंधारात ओळीत वाकायचं. हिरवट कळी सोडायची. टपोरी, पांढरी, पण मिटलेलीच घ्यायची. डोळ्यांपेक्षा बोटांनाच ते जास्त कळतं. केळीचं सोपट भिजवायचं, नखाने त्याचे दोरे काढायचे, गाडीत जागा मिळाली तर वाटेत चार गजरे बांधून व्हायचे. टोपलीत खाली केळीचं पान, वर ओलं फडकं. मी नवी सून होते तेव्हा एकदा उमललेला मोगरा कौतुकाने खुडून आणला. त्यांनी तो हातात घेतला आणि देवापुढेही ठेवला नाही. म्हणाल्या, "आपल्या दारात उमललं ते आपलं नुकसान. संध्याकाळी दुसऱ्याच्या केसांत उमललं पाहिजे." फडकं पुन्हा भिजवलं, पिळलं, टोपलीवर अंथरलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या अंबाड्यात गजरा मी कधी पाहिला नव्हता. विकायचा माल स्वतःच्या डोक्यात कोण घालतं?

लग्नाच्या सकाळी लेक त्यांच्यामागे गजरा घेऊन उभी राहिली. त्यांनी एकदा भरलेल्या ओटीकडे पाहिलं. "आजचा माल तसाही कुठे जातोय," म्हणाल्या आणि मान खाली घातली.

अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता. दोन तासांत बसवलेलं सगळं. अक्षता टाकणारे हात इतके थोडे होते की तांदूळ लादीवर पडल्याचा आवाज ऐकू आला. शिदोरीत लाडू आणि राजेळीची सुकेळी. गाडीत चारच माणसं, म्हणून पाठराखीण म्हणून कोणाला धाडता येईना. मोगऱ्याची एक करंडी मागच्या सीटवर ठेवून दिली. गाडी वळली तेव्हा माझा मास्क ओला झाला होता. उकाडाच तेवढा होता.

मांडव सोडायला आळीतली माणसं बोलवायची राहिली होती. १७ मेला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, त्याने तो सोडला. निळी ताडपत्री शेजारच्या नारळात जाऊन अडकली, मागची केळ आडवी झाली, वीज गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या दाराची कडी वाजली. बारीक पाऊस लागलेला होता आणि चिखलात सासूबाई बत्ती बांधून मोगऱ्याच्या ओळीत वाकलेल्या.

"आई, अहो, ह्या भिजक्या कळ्या घेणार कोण?"

"घेवो न घेवो. खुडलं नाही तर झाड पुढचं धरत नाही."

मी छत्री घेऊन धावले आणि त्यांच्या डोक्यावर धरली. त्यांनी माझं मनगट धरून ती खाली ओढली आणि करंडीवर आणून ठेवली.