लाल टोपण, केशरी टोपण

एएनएम नर्सिंगच्या मुलींना औषधं शिकवायला लागले, तेव्हा पाचही 'योग्य' त्यांना तोंडपाठ असत: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पाढ्यासारखे घडाघडा म्हणायच्या. त्यातल्या मात्रेचा हिशेब फळ्यावर मांडायला सांगितला की वर्ग चिडीचूप.

म्हणून मी सुरुवात इन्सुलिननेच करते. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा १ मिलीत ४० युनिटचं असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० चं. सिरिंजही दोन तऱ्हेच्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. टोपण काढून ट्रेमध्ये ठेवल्या की घाईत फरक कळत नाही. मुलींना रंगीत पाणी देते आणि केशरी सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढायला लावते.

"किती आलं?"

"वीस युनिट, मॅडम."

आलेलं असतं ०.२ मिली. बाटली ४० ची असेल, तर फक्त ८ युनिट. रुग्णाची साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवत नेतात, आणि मग एखाद्या पाळीत कुणीतरी नेमकी बरोबर सिरिंज उचलतं. तो वाढवलेला डोस तेव्हा सगळाच्या सगळा अंगात जातो. उलट गत आणखी वाईट. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने २० पर्यंत ओढलं, तर ५० युनिट जातात. घाम, थरथर, बेशुद्धी हे मला सांगावं लागत नाही. घरात मधुमेही आजी असलेली एखादी तरी वर्गात असतेच.

मोसंबीला सुई टोचायचा तास मुलींचा सगळ्यात लाडका. हातही चटकन बसतो. वॉर्डात कौतुक होतं तेही त्या हलक्या हाताचंच. लेबल दोनदा वाचणारीला मात्र 'हिला वेळ लागतो' असा शेरा मिळतो. मला तो शेरा मिळवणारी मुलगी आवडते.

आता परीक्षेत मी पाच 'योग्य' विचारतच नाही. बाटली ४० ची आणि ट्रेमध्ये केशरीच सिरिंज ठेवते. जी औषध ओढायच्या आधी दुसरी सिरिंज मागते, ती पास.

एकदा एकीने विचारलं, "मॅडम, वॉर्डात लाल नसलीच तर?"

"तर द्यायचं नाही. मागवून घ्यायची."

"आणि सिस्टर म्हणाल्या, हिच्यातच दे, तर?"

"तर बाटली आणि सिरिंज दोन्ही त्यांच्यापुढे धरायची आणि विचारायचं, सिस्टर, किती मिली ओढू?"