वृकोदराच्या गाड्या

एकचक्रा नगरींत पांडव वेष पालटून राहत असतां भिक्षेंत जें अन्न मिळे त्याचे कुंती दोन भाग करी, असें आदिपर्वांत सांगितलें आहे. एक भाग एकट्या भीमाचा; दुसऱ्यांत बाकीचे चौघे बंधु व ती स्वतः. व्यासांनीं भीमास वृकोदर म्हटलें तें उगाच नव्हे. परंतु या विषम वांटणीबद्दल धर्मराजानें किंवा सहदेवानें कुरकुर केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. कारण उघड आहे. लाक्षागृहांतून निसटल्यावर थकलेल्या आईस व भावांस उचलून रान तुडविणारा तोच होता, आणि पुढें बकासुराकडे अन्नाचा गाडा घेऊन जाणाराही तोच. पुष्कळ खाणाऱ्या बलास लोक क्षमा करितात. मात्र तें बल कोणाचा तरी भार वाहत असलें पाहिजे.

हा जुना प्रसंग आमच्या मनांत जागा झाला तो अगदीं निराळ्या ठिकाणीं. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत डेट्रॉइट शहरापासून पाँटिॲक गांवापर्यंत वुडवर्ड ॲव्हिन्यू नांवाचा रुंद रस्ता जातो. गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत तेथील तरुण या रस्त्यावर एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत मोटारींच्या शर्यती लावीत. 1995 पासून त्या काळच्या गाड्यांचा मेळा तेथें ऑगस्ट महिन्यांत भरूं लागला, व कांहीं वर्षांपूर्वीं कन्येकडे मुक्काम असतां तो पाहण्याचा योग आम्हांस आला. ज्या गाड्यांस तिकडे 'मसल कार', म्हणजे स्नायुबळाची गाडी म्हणतात, त्या तेथें शेंकड्यांनीं आल्या होत्या. गणपतीच्या मिरवणुकींत ढोलपथक अगदीं जवळून जाऊं लागलें म्हणजे आवाज कानांत न शिरतां छातींत शिरतो. तसाच तो आवाज होता. पन्नाशी उलटलेल्या व आयुष्य पुस्तकांत घालविलेल्या आमच्यासारख्या गृहस्थासही तो आवडला, हें आरंभींच सांगून टाकतों. नाहीं तर पुढील विवेचन निव्वळ विरक्ताचा उपदेश वाटावयाचें.

या वंशाचा मूळपुरुष म्हणून बहुतेक जण 1964 सालच्या पाँटिॲक जीटीओ या गाडीचें नांव घेतात. जनरल मोटर्स कंपनीचा दंडक असा होता कीं, मध्यम आकाराच्या गाडींत 330 घन इंचांहून मोठें इंजिन घालूं नये. पाँटिॲक विभागाचे मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरियन व त्यांचे सहकारी यांनीं 389 घन इंचांचें, म्हणजे सुमारें 6.4 लिटरांचें इंजिन तसल्याच गाडींत बसविलें, आणि ही कांहीं नवी गाडी नसून जुन्याच गाडीबरोबर मिळणारें जादा साहित्य आहे, असें कागदोपत्रीं दाखविलें. 325 अश्वशक्तीची ती गाडी अपेक्षेबाहेर खपली. मग चढाओढ लागली. 1966 सालीं क्रायस्लरनें 426 घन इंचांचें 'हेमी' इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत आणलें. 1970 सालीं शेव्हरोलेच्या शेव्हेल गाडींत 454 घन इंच व 450 अश्वशक्ति इथवर मजल गेली. पेट्रोल त्या वेळीं तेथें गॅलनास, म्हणजे पावणेचार लिटरांस, सुमारें 36 सेंट या भावानें मिळे. अन्न स्वस्त होतें, भूक मोठी होती, आणि वाढावयास कुंती नव्हती.

या बलाचा हिशेब तपासूं गेल्यास दोन गोष्टी नजरेस येतात. पहिली अशी कीं, आंकडा फुगविलेला होता. इंजिन गाडीबाहेर ठेवून, हवेची गाळणी, सायलेन्सर, वीज निर्माण करणारें यंत्र इत्यादि ओझीं काढून टाकून त्याची शक्ति मोजीत. 1972 पासून हीं सर्व उपकरणें जोडून मोजण्याची रीत आली. तेव्हां कॉर्व्हेट गाडीच्या 454 घन इंचांच्या इंजिनाची शक्ति 1971 सालीं 365 होती ती एका वर्षांत 270 वर आली. पगारपत्रकावरचा एकूण आंकडा व महिनाअखेर हातीं पडणारी रक्कम यांतील भेद नोकरदार वाचकांस आम्हीं समजावून सांगावयास नको.

दुसरी गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. इंजिनांतून अधिक जोर काढावयाचा तर पेट्रोल व हवा यांचें मिश्रण अधिक दाबावें लागतें. आणि फार दाबलें म्हणजे तें भलत्याच वेळीं पेटून खटखट होते. ती थांबविण्यासाठीं पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मिसळीत. त्याचा हा गुण जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेंत थॉमस मिजली यांनीं 1921 सालीं शोधून काढला होता. तें शिसें धुराबरोबर बाहेर पडे, धुळींत बसे, व श्वासावाटे आणि मळक्या हातांवाटे लहान मुलांच्या रक्तांत जाई. मुलांच्या मेंदूच्या वाढीस तें अपाय करितें, हें आज निर्विवाद आहे. शिशाचें पेट्रोल केवळ याच गाड्या पीत असें नव्हे. परंतु फार दाबाच्या या इंजिनांचें त्यावांचून चालत नसे. अमेरिकेंत रस्त्यावरील गाड्यांसाठीं तें 1996 सालीं पूर्णपणें बंद झालें, आपल्याकडे 2000 सालीं, आणि सर्वांत शेवटीं अल्जीरियांत 2021 सालीं. शहरांतील रस्त्यांवर वाढलेल्या आमच्या पिढीनेंही तें श्वासाबरोबर घेतलें आहे. भीमानें अर्धें अन्न खाल्लें खरें, पण भावांच्या पानांत विष कालविलें नव्हतें.

पुढें एकामागून एक बंधनें आलीं. 1970 चा हवा स्वच्छ राखण्याचा कायदा, विमा कंपन्यांनीं अशा गाड्यांवर चढविलेले दर, ऑक्टोबर 1973 मध्यें अरब राष्ट्रांनीं केलेली तेलबंदी, 1974 सालची ताशीं 55 मैलांची वेगमर्यादा. आणि 1975 च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, 1985 पर्यंत प्रत्येक कंपनीच्या नव्या मोटारींनीं सरासरीनें गॅलनास 27.5 मैल चाललें पाहिजे. 1975 सालच्या साध्या कॉर्व्हेटचें 5.7 लिटरांचें इंजिन अवघी 165 अश्वशक्ति देई. वृकोदरास सक्तीची एकादशी घडली.

येथून युक्तीचा काळ सुरू होतो. उदाहरणार्थ, 2023 सालची टोयोटा प्रियस ही गाडी घ्या. तिचें इंजिन दोन लिटरांचें, म्हणजे त्या कॉर्व्हेटच्या इंजिनाच्या तृतीयांशाहून किंचित् मोठें. पण विजेची मोटर धरून तिची एकंदर शक्ति 194 भरते, आणि तिचा सर्वांत काटकसरी नमुना अमेरिकन सरकारच्या मापानें गॅलनास 57 मैल, म्हणजे लिटरास सुमारें 24 किलोमीटर जातो. ब्रेक लाविला असतां जी गति पूर्वीं उष्णता होऊन वाया जाई, तिची ही गाडी वीज करिते व पुढच्या चढासाठीं बॅटरींत सांठविते. इंजिनांतील वायु जितका दाबला जातो त्याहून अधिक त्यास पसरूं देऊन त्यांतील उरलासुरला जोरही ती कामास लाविते. तांदूळ धुतलेलें पाणी तुळशीस घालणाऱ्या गृहिणीचीच ही दृष्टि होय. शक्तीपेक्षां युक्ति श्रेष्ठ, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते.

म्हणीवर समाधान मानून थांबावें, तों अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे आंकडे आडवे येतात. तेथें 1975 सालीं तयार झालेल्या नव्या गाड्यांची सरासरी शक्ति 137, वजन 4060 पौंड, व धांव गॅलनास 13 मैल होती. 2022 सालीं शक्ति 259, वजन 4303 पौंड, व धांव 26 मैल झाली. धांव दुप्पट झाली हें थोडें नव्हे. पण शक्तीही जवळजवळ दुप्पट झाली, व वजन उतरावयाचें तें चढलें. युक्तीनें जें वांचविलें त्यांतला मोठा घांस बलानेंच पुन्हां खाल्ला. कोळशाविषयीं जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें 1865 सालींच हें ओळखलें होतें: यंत्र काटकसरी झालें म्हणजे कोळसा कमी जळतो असें नाहीं, यंत्रेंच वाढतात. तेव्हां वृकोदरानें उपास केला हें म्हणणें फोल आहे. तो फक्त चमच्यानें जेवावयास शिकला. त्यास आवाजाचीही हौस अजून आहे. 2024 सालीं डॉज कंपनीनें चार्जर डेटोना ही विजेवर चालणारी गाडी काढली. तिला इंजिनच नाहीं, म्हणून जुन्या इंजिनासारखी गर्जना करणारें यंत्र तिच्यांत मुद्दाम बसविलें आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार, हें आम्ही ऐकत आलों; येथें पाणी अजीबात नाहीं व खळखळाट तेवढा शिल्लक.

त्या मेळ्यांत एका वृद्ध गृहस्थास, आपण या गाडींतून कोठें जातां, असें आम्हीं विचारिलें. "कोठेंच नाहीं," ते म्हणाले, "रस्त्याच्या टोकापर्यंत, आणि परत." मग त्यांनीं इंजिनावरचें झांकण उघडलें, व वडिलांबरोबर आपल्या हातांनीं बदललेला एकेक भाग बोटानें दाखविला. आमच्या जांवयांच्या नव्या गाडीचें झांकण उघडलें तर आंत काळ्या प्लास्टिकचें दुसरें झांकण दिसतें. जांवई स्वतः इंजिनिअर असूनही त्याखालीं हात घालीत नाहींत. हें नुकसान खरें आहे, आणि गॅलनास किती मैल या मापांत तें मोजतां येत नाहीं. वर्षांतून चार दिवस बाहेर निघणारी ती जुनी गाडी एका बापाची आठवण वाहून नेत होती. तेवढ्या ओझ्यासाठीं ती जें खाई तें आम्हांस जड वाटलें नाहीं.

आम्हांस खटकतो तो दुसराच प्रकार. दोन टनांची नवी गाडी घेऊन एकटा माणूस कोपऱ्यावरून दूध आणावयास जातो, आणि ती लिटरास किती धांवते हें अभिमानानें सांगतो. हें दृश्य पाहावयास डेट्रॉइटला जाण्याचें कारण नाहीं. कुंतीनें अर्धें अन्न भीमाच्या पानांत वाढलें तें त्याच्या खांद्यांकडे पाहून. गाडी घेतांना आपण तिची शक्ति विचारतों, धांव विचारतों. ती रोज किती जणांचा भार वाहणार, हें मात्र विचारीत नाहीं. तें विचारणारी कुंती शोरूममध्यें नसते. ती घरांत असली पाहिजे.