पॅड बांधून बसलेला मुलगा

आमच्या सिरसाळ्यातली आठवीतली एक मुलगी खो-खोच्या संघात निवडली गेली. घरात आनंद झाला. अम्मीने नवे बूट घेऊन दिले. पण तालुक्याच्या एकाही सामन्यात तिला उतरवलं नाही. ती राखीव खेळाडू होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मान खाली घालून बसली होती. समजूत काढायची म्हणून मी तिला अमोल मुजुमदार यांची गोष्ट सांगितली.

फेब्रुवारी १९८८. मुंबईचं आझाद मैदान, हॅरिस शिल्डचा सामना. शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी खेळत होते. दोघांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली. त्यांच्यानंतर फलंदाजीला जायचं होतं ते आचरेकर सरांच्याच तालमीतल्या अमोलला. तो पॅड बांधून बसून राहिला. त्याची पाळी आलीच नाही.

पुढे रणजी पदार्पणातच त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, ३० शतकं. मुंबईचा कर्णधार म्हणून २००६-०७ चा रणजी करंडक जिंकला. पण भारतीय संघाची टोपी शेवटपर्यंत मिळाली नाही.

२०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात संघ लागोपाठ तीन सामने हरला. मग उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३९ धावांचं लक्ष्य दिलं. सरांनी ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर एवढंच लिहिलं, की अंतिम सामन्यात जायला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी. मुली जिंकल्या. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वविजेत्याही झाल्या.

गोष्ट संपली. मला वाटलं, पोरगी खूश होईल. ती म्हणाली, "पण सर, उनको खुद को तो खेलने नहीं मिला ना?"

मी गप्प झालो.

बी.एड. झाल्यावर मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. दर जूनमध्ये वाटायचं, यंदा नेमणूक होईल. अब्बांना ते बघायला मिळालं नाही. 'सब्र का फल मीठा' हे मी त्या काळात इतक्यांदा ऐकलं, की म्हणणाऱ्याचा राग यायचा. आणि आज तेच मी या मुलीला ऐकवत होतो.

तिचं खरं होतं. वाट बघायला लागणं हे काही बक्षीस नाही. मुजुमदारांची हुकलेली संधी विश्वचषकाने भरून निघाली, असं मी तरी म्हणणार नाही. मला मोठं वाटतं ते वेगळंच. जे स्वतःला मिळालं नाही, ते दुसऱ्यांना मिळावं म्हणून हा माणूस राबला. मनात कडवटपणा ठेवून हे जमत नाही.

घरी येताना आणखी एक गोष्ट टोचली. वक्तृत्व स्पर्धेला मी दरवर्षी त्याच दोघांना पाठवतो. उच्चार स्वच्छ, नंबर हमखास. बाकीची मुलं माझ्याच वर्गात पॅड बांधून बसलेली असतात.

यंदा मराठी भाषा दिनाच्या यादीत पहिलं नाव त्या मुलीचं लिहिलं आहे. 'ळ' म्हणताना ती अडखळते. अजून दिवस आहेत, सराव करून घेऊ.