कार्ड दाखवा, साहेब

आमच्या उपनगरात मला सगळे ओळखतात. ही बढाई नव्हे, तक्रार आहे. बँकेत बचत खात्याच्या खिडकीमागे बावीस वर्षं बसलेल्या माणसाला गावात लपायला जागा राहत नाही. मंडईत वांगी निवडत असलो तर शेजारून आवाज येतो, "काय हो, माझं व्याज जमा झालं का?" लग्नात वाढपी जिलबीचं ताट घेऊन पुढ्यात थांबतो आणि चेकबुक कधी मिळणार ते सांगितल्याशिवाय हलत नाही. एकदा तर स्मशानात, अजून लाकडं रचायची होती, तेवढ्यात एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "आता यांच्या खात्याला वारसाचं नाव लावायला काय काय आणावं लागेल?"

अशा या सर्वपरिचित गृहस्थाची ओळख न दाखवणारा माणूस आख्ख्या गावात एकच. आमच्या जिमखान्याच्या फाटकावरचे मामा.

जिमखाना म्हटल्यावर वाचकांनी घोडे, गोल्फ आणि पांढऱ्या हातमोज्यांतले वेटर डोळ्यांपुढे आणू नयेत. आमच्याकडे टेबल टेनिसची दोन टेबलं, चार कॅरम बोर्ड, एक रमीची खोली आणि बटाटेवडा बरा मिळणारं कँटीन, एवढाच संसार आहे. नवी इमारत बांधताना कार्यकारिणीला पैसे कमी पडले, तेव्हा सभासदत्वाचा दर माझ्या आवाक्यात आला आणि पतपेढीचं कर्ज काढून मी सभासद झालो. कर्ज फिटलं, पण सभासद झालो आहे ही गोष्ट मामांना अजून पटलेली नाही. रोज फाटकावर तोच प्रश्न : "साहेब, कार्ड?"

मे महिन्यात नागपूरहून आमचे मेहुणे आले. सासुरवाडीच्या माणसापुढे मनुष्य जरा जास्तच बोलतो. "आमच्या क्लबवर चला," मी म्हटलं. क्लब हा शब्द मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वापरला. परीटघडीची पँट चढवली आणि ही, मेहुणे आणि मी असे तिघे फाटकाशी पोचलो. कार्ड अर्थातच दुसऱ्या पँटीत.

"मामा, अहो मी!"

"हो साहेब."

"रोज संध्याकाळी येतो."

"सात वाजून दहा मिनिटांनी."

"कोपऱ्यातल्या कॅरमवर बसतो."

"आणि हरता," मामा म्हणाले. "पण कार्ड?"

मेहुणे फाटकावरची पाटी वाचण्यात गुंग झाले. ती पाटी फक्त दोन ओळींची आहे, पण त्यांना ती बराच वेळ पुरली. मामांनी रजिस्टर पुढे केलं. "सभासद क्रमांक लिहा. आतून यादीशी ताडून घेतो." आता गंमत बघा, गावातल्या निदान तीनशे माणसांचे खाते क्रमांक मला तोंडपाठ आहेत. स्वतःचा सभासद क्रमांक मात्र आठवेना. तेवढ्यात अर्ध्या चड्डीतलं एक पोरगं कार्ड हलवत आलं. मामांनी त्याला सलाम ठोकून आत सोडलं. शेवटी ही रिक्षा करून घरी गेली आणि कार्ड घेऊन आली. तोवर मी आणि मेहुणे गुलमोहराखालच्या बाकावर बसलो. "आमच्या नागपूरला एवढं कडक नसतं हो, जावईबापू," एवढंच ते म्हणाले. ते वाक्य आता आमच्या सासुरवाडीत पिढ्यान्‌पिढ्या जाणार.

दुसऱ्या दिवशी मी जिमखान्याच्या सचिवांकडे लेखी तक्रार नेली. तीन प्रतींत, बँकेची सवय. सचिव म्हणजे विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना प्रश्न विचारणं म्हणजे नळ उघडायला जावं आणि तोटीच हातात यावी.

"तुम्ही कॉमर्सवाले ना?" त्यांनी सुरुवात केली. "मग परस्परतेचं तत्त्व विसरलात? दहा माणसांनी वर्गणी काढून चहा केला आणि स्वतःच प्यायला, तर त्यात विक्री कुणी कुणाला केली? उजव्या खिशातले पैसे डाव्या खिशात गेले तर त्याला नफा म्हणत नाहीत. ऑक्टोबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता क्लबच्या खटल्यात विक्रीकर आणि सेवाकराच्या बाबतीत हेच उचलून धरलं. मग 2021 साली संसदेने कायदा बदलला आणि वस्तू व सेवा करापुरते क्लब आणि सभासद हे दोन वेगळे इसम ठरवले. तेही मागे जाऊन, 1 जुलै 2017 पासून!"

यात मला नवल वाटलं नाही. आमच्या घरात नवराबायको एकच असतात, फक्त वाण्याचं बिल आलं की दोन वेगळे इसम होतात.

"मुद्दा असा," सचिव म्हणाले, "की दहांच्या चहात अकरावा उपरा शिरला आणि पैसे देऊन चहा प्यायला, की ते हॉटेल झालं. ज्या क्लबांत पेयपान चालतं त्यांचं तर विचारूच नका. आपल्या राज्यात 1949 चा दारूबंदीचा कायदा अजून आहे, आणि क्लबाचा परवाना सभासद आणि त्यांचे पाहुणे यांच्यापुरताच असतो. भलत्याच्या हातात पेला सापडला तर परवाना गेला."

"पण मी भलता नाही!" मी म्हटलं. "मामा मला चेहऱ्याने ओळखतात."

"चेहऱ्यावरून माणूस कळतो हो, थकबाकी कळत नाही," सचिव म्हणाले आणि मला बंगळूरला घेऊन गेले. तिथला बंगळूर क्लब 1868 सालचा. त्याच्या 1899 सालच्या थकबाकीदारांच्या यादीत लेफ्टनंट डब्ल्यू. एल. एस. चर्चिल या नावापुढे 13 रुपये दिसतात. हे गृहस्थ पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले, पण ते 13 रुपये काही आले नाहीत. याच क्लबाच्या प्राप्तिकराच्या खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा त्या निकालपत्रातही या उधारीची नोंद झाली. तो खटला आमच्या धंद्यातला, म्हणून मला ठाऊक होता. क्लबाने सभासद असलेल्या बँकांतच मुदत ठेवी ठेवल्या होत्या, आणि व्याजावर कर नको असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालय म्हणालं, बँक ते पैसे बाहेरच्यांना कर्जाऊ देते, तेव्हा तुमचा घरगुती मामला तिथेच संपला, कर भरा. असो. चर्चिलसाहेबांचा चेहरा साऱ्या जगाला पाठ होता, आणि तरी खात्याला 13 रुपये कायमचे लागले. तिथे माझ्या चेहऱ्याचा काय पाड?

कायदा पटला, पण अपमान तसाच राहिला. बाहेर पडताना मामांना म्हटलं, "मामा, इतकी वर्षं मला बघताय. एक दिवस सोडलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मामांनी टोपी काढून डोकं पुसलं. "साहेब, तोंड बघून आत सोडायला लागलो, तर उद्या तोंड बघून अडवावंही लागेल. ते काम आपल्याला जमायचं नाही."

मी घरी आलो, पण ते वाक्य काही घराबाहेर राहिलं नाही. आपल्याकडे 'ओळख' या शब्दाचा अर्थच मुळी वशिला. दवाखान्यात ओळख, शाळेत ओळख, रेल्वेच्या आरक्षणाला ओळख. ज्याची ओळख नाही तो रांगेत. आणि तोंड बघून अडवणं म्हणाल तर त्याचीही आपल्याला सवय आहे. 1890 च्या दशकात बाळू पालवणकर पुण्यात हिंदूंच्या संघाकडून गोलंदाजी करत. त्यांनी गोऱ्यांचे गडी बाद केलेले सगळ्यांना हवे असत, पण चहाच्या सुट्टीत त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यातून यायचा. त्यांना सगळेच ओळखत होते. ओळखत होते म्हणूनच तर बाहेर ठेवत होते. 1988 साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबाने मकबूल फिदा हुसेन यांना आत घेतलं नाही, कारण पायांत वहाणा नव्हत्या. त्यांनाही ओळखत नसेल असा माणूस मुंबईत शोधावा लागला असता.

त्यामानाने मामांचं कार्ड बरं. ते जात विचारत नाही, पाय बघत नाही, मेहुणे नागपूरचे आहेत याची पर्वा करत नाही. वर्गणी भरली आहे का, एवढंच विचारतं. क्लबात घ्यायचं कुणाला हे ठरवणारे शहाणे आत बसतात आणि त्यांच्या शहाणपणाची हमी मी देत नाही. पण फाटकावर तरी अर्ध्या चड्डीला आणि परीटघडीच्या पँटीला एकच प्रश्न असतो.

शिवाय मी कुठल्या तोंडाने तक्रार करणार? दर नोव्हेंबरात माझ्या खिडकीसमोर पेन्शनर मंडळींची रांग लागते. माझ्या शाळेतले गणिताचे मास्तर समोर उभे राहून मला माझ्या बेरजेतली चूक दाखवत असतात आणि मी त्यांच्याकडे ते हयात असल्याचा दाखला मागत असतो.

जूनमध्ये मामाच माझ्या खिडकीशी आले. कर्मचाऱ्यांचा पगार रोखीने न देता बँकेत जमा करायचं जिमखान्याने ठरवलं होतं, म्हणून खातं उघडायचं होतं. मला भलताच आनंद झाला. पूर्वी खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागत असे, आता कागदपत्रं लागतात. सूड घ्यायची ही नामी संधी होती, पण मी उदार व्हायचं ठरवलं, तेवढाच माझा मोठेपणा दिसेल. "बसा मामा," मी म्हटलं, "तुम्हाला काय कागद मागायचे! मी ओळखतो तुम्हाला. फॉर्म मीच भरतो."

फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं. पहिलाच रकाना : अर्जदाराचे संपूर्ण नाव.

पेन तिथेच थांबलं. इतक्या वर्षांत त्या माणसाला नाव असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी रोज सात दहाला येतो, कोपऱ्यात बसतो, हरतो, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. मला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं ते एवढंच, की ते मला कार्ड मागतात.

मामांना ते कळलं असावं. ते काही बोलले नाहीत. आतल्या खिशातून त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि खिडकीतून हळूच माझ्याकडे सरकवलं.

"राहू दे साहेब," ते म्हणाले, "कार्ड बघूनच लिहा."

ते नाव मी इथे सांगणार नाही. खातेदाराची माहिती बाहेर द्यायची नाही असा आमचा नियम आहे. पण हल्ली फाटकावर मी त्यांना मामा न म्हणता नावाने हाक मारतो, पुढे 'राव' लावून. ते खूश होऊन हसतात, घरचं विचारतात, कालच्या कॅरमचा निकाल विचारतात. आणि मग म्हणतात, "साहेब, कार्ड?"