अठरा पूर्ण

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतोय, पण हापिसातून सुटल्यावर पुन्हा कीबोर्ड बडवायचा म्हणजे जिवावर येतं. आज रविवार आहे, चहाचा दुसरा कप झालाय, रूममेट गावाला गेलाय. होऊन जाऊ दे.

तर मंडळी, आमच्याकडे स्वयंपाकाला ज्या मावशी येतात, त्यांच्याकडे त्यांच्या बहिणीचा मुलगा राहतो. म्हणजे आमच्या त्या नुसत्या म्हणायच्या मावशी, त्याच्या मात्र खऱ्या. आधी त्याचे वडील गेले, दोन वर्षांनी आई. त्याचं नाव लिहीत नाही. एक तर त्याला ते आवडणार नाही, आणि अशा मुलांची ओळख जाहीर करू नये असं बाल न्याय कायद्याचं कलम ७४ सांगतं. (मला कलमं कधीपासून पाठ व्हायला लागली? सांगतो.)

तो आठवीत असताना एक दिवस मावशींनी पोळ्या झाल्यावर ओट्यावर एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवली. "दादा, एवढं वाचून बघता का? काय काय लागंल म्हणतात." पिशवीत त्यांच्या बहिणीचा आणि मेव्हण्याचा मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक. आणि एक फोटो. घराच्या दारात मावशी आणि तो, दोघंही पासपोर्टला उभं राहावं तसे ताठ. मूल खरंच त्या घरात राहतं हे दाखवायला असा फोटो जोडायचा असतो म्हणे. डेथ सर्टिफिकेटं मी शांतपणे वाचली, त्या फोटोनं मात्र जाम गलबलल्यासारखं झालं.

ते सगळं होतं बालसंगोपन योजनेसाठी. आईवडील नसलेलं, किंवा ज्यांना सांभाळणं शक्य नाही अशांचं मूल संस्थेत टाकण्याऐवजी एखाद्या घरात वाढावं, म्हणून महाराष्ट्रात ही योजना कित्येक वर्षं चालू आहे. आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, मग ११०० झाले, २०२३ साली २२५०. बालकल्याण समिती मुलाला आणि सांभाळणाऱ्याला समोर बसवून चौकशी करते, मग आदेश निघतो. आपण पुण्यात शनिवारी दोघं जेवायला बाहेर गेलो तर बिल २२५० च्या आसपास येतं. मावशींच्या घरी त्यात वह्या, बसचा पास, बूट आणि क्लासच्या फीचा एक तुकडा बसतो. बाकीचा तुकडा त्या चार घरच्या पोळ्यांमधून काढतात.

अर्जाच्या नादात मी कायदा वाचून काढला. नवीन एपीआयचं डॉक्युमेंटेशन वाचावं तसा, रात्री दीड वाजेपर्यंत. आणि मग अंगात आलं. "मावशी, त्याला शनिवारी माझ्याकडे पाठवा. गणित मी बघतो." इंजिनीयर माणूस, आठवीचं गणित म्हणजे काय!

पहिल्या शनिवारीच फे-फे उडाली. मला उत्तर येत होतं, शिकवता येत नव्हतं. "हे तर उघडच आहे" असं मी एका तासात सात-आठ वेळा म्हणालो असेन. तो मान हलवायचा. कळलं का विचारलं की हो म्हणायचा. महिनाभरानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा हो म्हणतो तो मला बरं वाटावं म्हणून. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या मुलाला ही सवय लागते बहुतेक. जेवण आवडलं का, हो. भूक आहे का, नाही. कळलं का, हो. त्यानंतर आम्ही नियम केला. त्यानं मला शिकवायचं, मी चुका काढायच्या. तिथून गाडी सुरू झाली.

नववीत असताना आमचं एक मोठं रिलीज होतं. सलग चार शनिवार मी दांडी मारली. पहिल्या दोन वेळा फोन केला, नंतर तेही राहिलं. पाचव्या शनिवारी मी मोकळा होतो, तर हाच आला नाही. मावशी म्हणाल्या, शाळेत कार्यक्रम आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा काहीतरी. शेवटी मीच त्यांच्या घरी गेलो. तो एकवीस अपेक्षितमधली गणितं सोडवत बसला होता. शेजारच्या ताईचं जुनं, मुखपृष्ठ गेलेलं. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "असू दे दादा, तुम्हाला काम असतं." रागानं म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं माझा हिशोब सोडून दिला होता, बस्स. माझ्या टीममधल्या कुणी असा थंड ईमेल पाठवला असता तर मी रात्रभर झोपलो नसतो. त्या रात्री झोप लागली नाहीच.

असो. यंदा तो दहावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत पुढचं काय, हा विषय निघाला. माझं ठरलेलं होतं. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट सेकंड इयरला बी.ई. कागदावर बाण वगैरे काढून मी सॉल्लिड प्रेझेंटेशन दिलं. मावशी तर खूश. "दादासारखा साहेब होईल."

तो म्हणाला, "मी आयटीआय करणार. इलेक्ट्रिशियन."

मी म्हणालो, अरे गणित चांगलं जमतंय तुला. तो म्हणाला, इलेक्ट्रिशियनला पण दहावीत गणित आणि विज्ञान लागतं. हेही त्यानं बघून ठेवलं होतं. मग त्यानं माझाच कागद ओढला आणि उलट बाजूला लिहिलं. येत्या जूनमध्ये सोळा पूर्ण. इलेक्ट्रिशियन दोन वर्षं, म्हणजे अठरा. अठरा पूर्ण झाले की बालसंगोपन बंद. डिप्लोमा तीन वर्षं. तिसरं वर्ष कुणाच्या पैशावर? बी.ई. तर सोडाच.

दोन वर्षं मी त्याला गणित शिकवत होतो, आणि एवढी साधी बेरीज माझ्या बाणांमध्ये नव्हती.

संस्थेतून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी कायद्यात पुढच्या मदतीची तरतूद आहे, कलम ४६. पण ते कलम संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांबद्दल बोलतं. मावशीच्या घरात वाढलेला मुलगा कुठून बाहेर पडणार? त्याची मावशी तीच, घर तेच, फक्त वाढदिवसानंतर २२५० कमी.

मी अर्थातच म्हणालो, "तिसऱ्या वर्षाचे पैसे मी देईन."

तो जरा थांबला. मग अगदी नम्रपणे विचारलं, "आणि तुमचा जॉब गेला तर?"

आता हे त्यानं टीव्हीवर ऐकलं होतं की माझ्याच फोनवरच्या गप्पांमधून, देव जाणे. आमच्या मजल्यावरच्या दोन रांगा रिकाम्या झाल्याला अजून वर्षही झालेलं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मावशी त्याला म्हणाल्या, "असं विचारतात होय रे?" पण त्याही माझ्याकडे बघत होत्या.

मला माझं सेकंड इयर आठवलं. एम-थ्री राहिला होता. घरी फोन करताना हात थरथरत होते. बाबा म्हणाले, "आधी जेव. मग बघू." पुढच्या खेपेलाही राहिला, तेव्हाही बाबा तेच म्हणाले. फी, मेस, खोलीचं भाडं, कशालाच कुणी तारीख लावली नव्हती. मी दोनदा नापास होऊन इंजिनीयर झालो. याला एकदाही परवडणार नाही, आणि हे त्याला पंधराव्या वर्षी ठाऊक आहे. त्याच्या निवडीला महत्त्वाकांक्षेचा अभाव वगैरे म्हणायला मी निघालो होतो, जीभ चावली.

रात्री मी पुन्हा शोधाशोध केली. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. म्हणजे हातात काम येईल, आणि दारही उघडं राहील. पुढच्या शनिवारी त्याला दाखवलं. यावेळी बाण काढले नाहीत. त्यानं दोनदा वाचलं, घडी करून वहीत ठेवलं आणि म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू. आधी भूमिती."

औंधच्या आयटीआयला आम्ही दोघं एकदा जाऊन आलो. तो गेटबाहेरून बराच वेळ बघत उभा होता. येताना बसमध्ये मला न्यूट्रल आणि अर्थिंगमधला फरक समजावून सांगितला. मी मान हलवली. त्यानं विचारलं, "कळलं का?" मी हो म्हणालो. तो हसला, म्हणाला, "मग तुम्ही सांगा बघू." मला सांगता आलं नाही.

जानेवारीत पूर्वपरीक्षा आहे. त्रिकोणमिती अजून कच्ची आहे. पुढच्या शनिवारी आमचं पुन्हा रिलीज आहे, मॅनेजरला शुक्रवारीच मेल टाकलाय की अकरा ते एक मी फोन उचलणार नाही. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.