विक्रोळी ते शिर्डी : पाहिलेलं आणि ऐकलेलं

विक्रोळीच्या कन्नमवारनगरातून पूर्व द्रुतगती महामार्गावर आलं की शिर्डीची गाडी मिळते. रामनवमीच्या आधी याच रस्त्याने साईपालख्या पायी निघतात. आमच्या वसाहतीत बाबांचा ‘अनुभव’ सांगणारं माणूस दर मजल्यावर भेटतं. गाडीत शेजारच्या मावशींनीही ठाणं ओलांडायच्या आत विषय काढला. बाबांनी पाण्यावर पणत्या पेटवल्या, त्या त्यांच्या आजेसासऱ्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

“आजेसासरे शिर्डीचेच का?” मी विचारलं.

“नाही हो, कोपरगावचे. बाजारात वाण्याकडून कळलं त्यांना.”

मावशी खोटं बोलत नव्हत्या. दोन पिढ्यांत ऐकलेलं पाहिलेलं झालं होतं, एवढंच. कसारा घाट, घोटी, सिन्नर मागे पडेपर्यंत मी त्याच विचारात होतो.

पहाटे द्वारकामाईत रांग कमी असते. पडक्या मशिदीत बाबांनी आयुष्य काढलं, ती ही जागा. धुनी अजून धगधगते. कोपऱ्यात दगडी जातं ठेवलंय, आणि काचेआड गव्हाचं पोतं. बहुतेक लोक नमस्कार करून पुढे सरकतात. मी मात्र त्या जात्यापाशी रेंगाळलो, कारण ‘श्रीसाईसच्चरिता’चा जन्मच तिथला.

हा ग्रंथ लिहिणारे गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, हे वांद्र्याचे मॅजिस्ट्रेट. १९१०मध्ये ते शिर्डीत आले. पहिल्या अध्यायात ते सांगतात की एका सकाळी बाबा गोणपाट पसरून, बाह्या सारून गहू दळायला बसले. चौघी बायका गर्दीतून घुसल्या, त्यांनी बाबांच्या हातून खुंटा घेतला. दळण झाल्यावर पिठाचे चार वाटे करून त्या घरी न्यायला निघाल्या, तेव्हा बाबा संतापले. पीठ गावाच्या शिवेवर टाकायला सांगितलं. हेमाडपंत बुचकळ्यात पडले. त्यांनी गावकऱ्यांना विचारलं. गावात पटकी होती, बाबांनी ती दळून काढली, असं उत्तर मिळालं.

मॅजिस्ट्रेटचा हात इथे दिसतो. जातं, खुंटा, चार वाटे, राग हे त्यांनी स्वतः पाहिलं. पटकीचं मात्र लोकांनी सांगितलं, आणि तसं ते लिहूनही ठेवतात. पणत्यांचा प्रसंग तर ते शिर्डीत येण्याआधीचा. ग्रंथ एकच, पण साक्षी दोन तऱ्हेच्या. पारायणात आपण दोन्ही एकाच सुरात वाचतो.

कोणती साक्ष किती धरायची, या प्रश्नावर अमेरिकेत मॉर्मन पंथाच्या बाबतीत दीर्घकाळ वाद चाललाय. जोसेफ स्मिथने १८३०मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावी ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापलं. सोन्याच्या पत्र्यांवरून ते उतरवल्याचं तो सांगे, आणि पत्रे पाहिल्याची ११ जणांची नावानिशी साक्ष ग्रंथातच आहे. त्यांतले ऑलिव्हर काउडरी, डेव्हिड व्हिटमर आणि मार्टिन हॅरिस पुढे स्मिथशी बिनसून पंथाबाहेर गेले, तरी साक्ष त्यांनी मागे घेतली नाही. त्यांना लबाड म्हणणं मला जमत नाही. पण या तिघांची साक्ष देवदूताने पत्रे दाखवल्याची, उरलेल्या आठांची पत्रे हाताळल्याची. दोन्हींचं वजन एक धरता येत नाही. त्यातून स्मिथच्या पहिल्या दर्शनाची घटना १८२०च्या सुमाराची, त्याच्या हातची सर्वांत जुनी नोंद १८३२ची, आणि आज प्रचलित असलेल्या हकिगतीत तपशील वेगळे.

शिर्डीचं भाग्य असं की तिच्याकडे त्याच दिवशी लिहिलेली साक्षही आहे. लोकमान्यांचे सहकारी, अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे डिसेंबर १९१०मध्ये इथे आले. पुढच्या डिसेंबरात पुन्हा आले ते मार्च १९१२पर्यंत राहिले आणि रोज रोजनिशी लिहीत गेले. काकड आरती, कोण आलं, कोण गेलं, बाबांनी सांगितलेल्या गोष्टी, दीक्षित वाड्यातलं ग्रंथवाचन. चमत्कारांची रेलचेल त्यात नाही. बाबांचं एक स्मित बघायला इथे वर्षं घालवावीत, असं मात्र या मुरलेल्या वकिलाला वाटतं. मला हे पान कुठल्याही चमत्काराहून मोठं वाटतं. त्याउलट सेलमचे वकील नरसिंहस्वामी यांनी भक्तांचे जबाब घेतले ते १९३६मध्ये. बाबांनी १९१८च्या दसऱ्याला देह ठेवला होता, म्हणजे मधे १८ वर्षं गेली. जबाब देणाऱ्यांत न्यायाधीशही होते. पण अठरा वर्षांत आठवणीला श्रद्धेची पुटं चढतात, तिथे हुद्दा उपयोगी पडत नाही.

मी स्वतः बाबांना मानतो. म्हणूनच जात्याची साक्ष मी पक्की धरतो, पटकीची गोष्ट गावाची श्रद्धा म्हणून ऐकतो, आणि पणत्यांना साक्षीदार सापडेपर्यंत कथाच म्हणतो. यात बाबांचं काही उणं होत नाही.

परतीच्या गाडीत मावशी पुन्हा भेटल्या. आजेसासऱ्यांची हकिगत वहीत लिहून ठेवा म्हणून मी त्यांना विनवलं, वाण्यासकट. तुमच्याही घरी अशी आठवण असेल तर आजच लिहून काढा. कोणी पाहिलं, कोणी सांगितलं आणि तुम्ही ती कधी लिहिली, एवढं त्यात जरूर असू द्या.